लांडगा पाहून लोक काय म्हणाले

१ मार्च, रविवार

झाला एकदाचा. सकाळी अकराला ‘लांडगा रजेवर आहे’ हा माझा पिक्चर इंटरनेटवर चढवला आणि तेव्हापासून मी खुर्ची सोडलेली नाही. वहिनींनी पहिल्या मजल्यावरून दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा ताटच वर पाठवलं, आणि ताट घेऊन आला कोण, तर खुद्द आमचा लांडगा. दोन जिने चढायला त्याला इतका वेळ लागला की जेवण गार होऊन गेलं. मी म्हणालो, “दादा, हिरो झालास म्हणून काय झालं, पाय उचल की जरा.” तो दाराला टेकून नुसता हसला.

पुढेमागे माझं चरित्र लिहायची वेळ कोणावर आलीच, तर त्या बिचाऱ्याची सोय म्हणून मुद्द्याचं लिहून ठेवतो. एका कचेरीतला कारकून दर पौर्णिमेला लांडगा होतो, म्हणून दर महिन्याला एक दिवस रजा टाकतो. नवीन साहेब रजा नाकारतो. मग कचेरीची जी वाताहत होते, तो पिक्चर. लेखक, दिग्दर्शक, संकलक मीच. एरवी मी फर्निचरच्या दुकानांच्या जाहिराती कापतो आणि जोडतो. लांडगा म्हणजे माझा थोरला भाऊ, वय एकसष्ट, टपाल खात्यात चौतीस वर्षं उभ्याने पत्रं निवडून निवृत्त झालेला. लांडग्याचं कातडं वहिनींनी शिवलं. त्या पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करतात, तिथे सोफ्यांची फर उरते. कॅमेऱ्यामागे एक मुलगी होती, एरवी ओळखपत्रांचे फोटो काढते. तिला आम्ही सगळे कॅमेरावालीच म्हणतो. बाकीचे शेजारीपाजारी, हातापाया पडून गोळा केलेले.

संध्याकाळपर्यंत एकशे बारा जणांनी पाहिला. अभिप्राय चार. त्यातले दोन कॅमेरावालीच्या मावशीचे.

३ मार्च, मंगळवार

चाळीस हजार! ‘उपाशी उंदीर’ असं नाव घेतलेल्या कोणीतरी दोन मिनिटांचा तुकडा कापून भलतीकडेच टाकला आणि तो हातोहात फिरतोय. तो बघून लोक आख्ख्या पिक्चरकडे येतायत.

तुकडा बावन्नाव्या मिनिटाचा आहे. पहाट होते, लांडग्याचा परत माणूस व्हायची वेळ येते आणि तो कचेरीच्या मागच्या अंगणात आडवा पडून तडफडतो. मी हा प्रसंग गंभीर लिहिला होता. कारकुनाला आता माणूस व्हायचंच नाहीये, अशी काहीतरी खोल कल्पना होती माझी. पण दादाने त्याचं काय करून ठेवलंय! डावा हात पोटाशी आवळून घेतो, उजव्या पंजाने छाती धरतो, भेलकांडून पडतो आणि मग जमिनीवर तीन थापा मारतो. थांबतो. मान वळवून इकडेतिकडे बघतो. पुन्हा तीन थापा. हे मी लिहिलेलं नव्हतं, ऐन वेळी त्यालाच सुचलं.

काही अभिप्राय उतरवून ठेवतो.

“तीन थापा!!! बसमध्ये बघत होते, इतकी हसले की शेजारच्या काकू उठून दुसरीकडे बसल्या.”

“माझा नवरा सोमवारी सकाळी गजर वाजला की अस्साच करतो.”

“कातडं सोफ्याचं, रक्त टोमॅटोचं, पण अभिनय शंभर नंबरी.”

“दिग्दर्शकाला काही येत नाही. लांडग्याला सगळं येतं.”

शेवटचा पुसून टाकावासा वाटला. नाही पुसला. मन मोठं ठेवायला आता शिकलं पाहिजे.

५ मार्च, गुरुवार

एका बाईंनी विचारलंय, लांडग्याच्या कातड्याची चेन कुठे लपवलीत? चेन नाहीच, बाई. ऑगस्टमध्ये मी पहिली दहा मिनिटं बारा ओळखीच्या लोकांना बोलावून दाखवली होती. माझ्या एकाही विनोदाला कोणी दात दाखवले नाहीत, पण लांडगा पाठमोरा झाला आणि मानेमागची चेन दिसली तेव्हा खोली दणाणली. अशी तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! दुसऱ्या दिवशी चेन उसवून फेकून दिली. तेव्हापासून रोज शूटिंगच्या आधी वहिनी लांडग्याचं डोकं धडाला हाताने शिवायच्या, बारीक टाके घालून, वरून फर विंचरून. शिवायला पाऊण तास लागायचा. त्यामुळे दादा एकदा आत गेला की काम संपेपर्यंत आतच. जबड्यात फोम ठासलेला, म्हणून पाणीसुद्धा नाही. बाहेरचं ऐकू कमी येतं, आतलं बाहेर अजिबात येत नाही.

दादाने एकदाही कुरकुर केली नाही. शेजाऱ्यांनी मात्र चहाला दुधाची एक पिशवी कमी पडली म्हणून तोंडं फुगवली.

७ मार्च, शनिवार

दादा वर आला होता. त्याला सगळे अभिप्राय मोठ्याने वाचून हवे असतात, चष्मा असून. डोळे मिटून ऐकतो आणि चांगला आला की मान हलवतो. आज मध्येच म्हणाला, “छोट्या, त्या थापा मी मुद्दाम मारल्या असं वाटतं का रे सगळ्यांना?”

“मग काय चुकून मारल्यास?”

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, “नाही नाही. मुद्दामच. आणि हे बघ, वहिनीसमोर त्या थापांचं काही काढू नकोस.”

“का?”

“तिला नाही आवडणार.”

वहिनींनी पिक्चर पाहिलेलाच नाही. रोज आपणच शिवलेल्या लांडग्यात बघायचं काय, असं म्हणतात. खरं कारण मला माहीत आहे: नवऱ्याला लोक हसलेले त्यांना बघवत नाही. असो. दादा माझ्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपला, ताठ, स्टेशनवर बसल्यासारखा. मला संध्याकाळभर स्टुलावर बसून काम करावं लागलं.

९ मार्च, सोमवार

आज एक विचित्र अभिप्राय. नाव ‘रात्रपाळी’.

“बावन्नावं मिनिट मी पाच वेळा पाहिलं. आत जो माणूस आहे तो अभिनय करत नाहीये. डावा हात बघा, श्वास किती वेळ अडकतोय ते मोजा. मी हृदयविकाराच्या वॉर्डात नर्स आहे. त्यांना कोणाला दाखवलंत का?”

लोक हसून पोट धरतायत तर ही बाई श्वास मोजतेय. मी उत्तर टाकलं: “काळजी नसावी. आमच्या लांडग्याला जनावरांचा डॉक्टर बघतो. इंजेक्शन देताना चार माणसं धरतात.”

दादाला वाचून दाखवलं नाही. त्याचा आनंद कशाला घालवा?

१० मार्च, मंगळवार

जनावरांच्या डॉक्टरवाल्या उत्तराला नऊशे जणांनी दाद दिली. माझ्या आख्ख्या पिक्चरमधल्या कुठल्याही विनोदापेक्षा जास्त. नर्सबाई पुन्हा फिरकली नाही.

१४ मार्च, शनिवार

वर्तमानपत्रातून फोटो काढायला माणूस आला होता. दादा चपला घालून खाली आला. म्हटलं बूट घाल, तर म्हणे जात नाहीत पायात. गेल्या वर्षीचे बूट! मोजे काढून दाखवले त्याने. मोज्याच्या रबराची रेघ घोट्यावर अशी रुतली होती की तिच्यात बोट बसलं असतं. दिवसभर खिडकीत बसायचं आणि मीठ खायचं, दुसरं काय होणार? फोटो कमरेवरचाच काढून घेतला.

निवृत्त माणसाला व्यायाम नाही हेच खरं. पिक्चर जरा मार्गाला लागला की त्याला रोज सकाळी फिरायला नेणार आहे.

१७ मार्च, मंगळवार

मोठी बातमी! स्टेशनमागच्या जुन्या थिएटरच्या मॅनेजरचा फोन. एकोणतीस तारखेला दुपारचा खेळ, दोनशे चाळीस खुर्च्या. फक्त एकच अट: खेळ संपल्यावर लांडगा अंगात कातडं घालून स्टेजवर आला पाहिजे आणि त्याने तीन थापा मारल्या पाहिजेत. त्यासाठीच लोक येणार, असं म्हणाला.

दादाला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. त्याने घास खाली ठेवला. “स्टेजवर? लोकांसमोर?” त्याचा चेहरा असा झाला होता की मला लहानपणचा दादा आठवला. आई-बाबा झोपले की उशीचा अभ्रा डोक्याला गुंडाळून मला हसवायचा आणि मी हसलो की मला मारायचा, आवाज करू नको म्हणून.

२० मार्च, शुक्रवार

वहिनी वर आल्या. सहसा येत नाहीत.

“भाऊजी, ह्यांना आता परत त्या कातड्यात घालू नका.”

“पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे.”

“आडवे झोपत नाहीत हे. चार उशा लागतात पाठीला. पहाटे बघावं तर खिडकीशी उभे, वारा घेत.”

“मग डॉक्टरकडे न्या ना.”

“येत नाहीत. म्हणतात, एकोणतीस तारीख होऊ दे, मग तू म्हणशील तिकडे येतो.”

“बघा, म्हणजे तोच म्हणतोय ना, येतो म्हणून.”

वहिनी उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही नको म्हटलंत तर ऐकतील. दुसऱ्या कोणाचं नाही ऐकणार.”

मी बघतो म्हटलं. खरं लिहायचं तर त्या गेल्यावर क्षणभर वाटलं, फोन करावा आणि रद्द करावं. फोन हातातही घेतला. मग दोनशे चाळीस खुर्च्या डोळ्यांसमोर आल्या. वहिनींचा स्वभाव पहिल्यापासून घाबरट. पाल दिसली तरी त्यांचा दिवस जातो. आणि नऊ दिवसांत असा काय फरक पडणार आहे?

२३ मार्च, सोमवार

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दादा पुन्हा भिंतीवरची नोटीस वाचत उभा. ‘पाण्याची टाकी साफ करायची असल्याने’ वगैरे. ह्या आठवड्यात तिसऱ्यांदा पकडलं. टाकी साफ होऊन वर्ष लोटलं, ह्याचं वाचन संपत नाही. मी आलेला बघून म्हणाला, “तू हो पुढे, मी येतो.”

२८ मार्च, शनिवार

सगळी तिकिटं गेली. उद्या पिक्चर चालू असतानाच मागच्या खोलीत वहिनी दादाला शिवून तयार ठेवतील. त्या म्हणाल्या, “मी कात्री घेऊन बाजूच्या दाराशी उभी राहीन, स्टेजकडे बघणार नाही.” बरं, म्हटलं.

दादाने दाढी केली. आत डोक्यावर लांडगा असणार हे माहीत असून.

३१ मार्च, मंगळवार

दोन दिवस लिहिलं नाही. आता जसं झालं तसं लिहितो.

थिएटर भरलं होतं. बावन्नाव्या मिनिटाला लोकांनी खुर्च्यांच्या हातांवर थापा मारल्या. मी शेवटच्या रांगेत उभा राहून रडलो, आनंदाने. खेळ संपला, दिवे लागले, मी स्टेजवर जाऊन माईक घेतला आणि ओरडलो, “लांडगेसाहेब, तुमची रजा मंजूर!” दादा पडद्याआडून आला. लोक उठून उभे राहिले. तो मध्यभागी आला, वाकून नमस्कार केला आणि खाली बसला. मग आडवा झाला. मला वाटलं, घाई केली, जरा फिरायला हवं होतं.

त्याने तीन थापा मारल्या. थिएटरने तीन थापा मारल्या. त्याने पुन्हा तीन मारल्या. थिएटरने पुन्हा. मी माईकवर म्हणालो, “ऐकू नाही आलं, अजून जोरात!” तिसऱ्यांदा त्याच्या थापा जवळजवळ वाजल्याच नाहीत, आणि लोकांच्या अशा वाजल्या की छतावरची धूळ पडली.

बाजूचं दार उघडून वहिनी धावत आल्या. हातात कात्री. लोकांना वाटलं हाही खेळातलाच भाग, आणि ते अजून हसले. वहिनी गुडघ्यांवर पडून त्याच्या मानेपाशी टाके कापायला लागल्या, फरचे पुंजके उडायला लागले. आणि मी माईकवर म्हणालो, “आणि ह्या आमच्या वहिनी!” टाळ्या पडल्या. हे लिहायला नको वाटतं, पण म्हणालो मी असं.

मग डोकं निघालं आणि पहिल्या रांगेतल्यांनी दादाचा चेहरा पाहिला. टाळ्या पुढून मागे अशा बंद होत गेल्या.

हॉस्पिटलच्या बाकावर वहिनींच्या हातात अजून कात्री होती. त्यांनी विचारलं, “ते लोक का थापा मारत होते?”

मी सांगितलं. बावन्नावं मिनिट, तुकडा, उपाशी उंदीर, सगळं सांगितलं. मी बोलत असताना त्यांचा चेहरा बदलत गेला आणि मी शेवटपर्यंत का ते न कळता बोलत राहिलो.

“तीन थापा म्हणजे टाके काप,” त्या म्हणाल्या. “आमचं ठरलेलं होतं ते. आतून आवाज येत नाही म्हणून. डोकं शिवायला लागले त्या पहिल्याच दिवशी तुम्हालाही सांगितलं होतं मी. तुम्ही कॅमेऱ्यात डोळा लावून ‘हो हो’ म्हणालात.”

मला आठवत नाही. पण असं मी म्हटलं असणार. कॅमेऱ्यात बघत असलो की मी सगळ्यांनाच हो हो म्हणतो.

“अंगणातल्या दिवशी मी नव्हते,” वहिनी म्हणाल्या. “दुकानात पडद्यांची मोठी ऑर्डर होती. सकाळी शिवून गेले होते मी त्यांना.” आणि कात्री मांडीवर ठेवून: “म्हणजे ते मला बोलवत होते.”

१ एप्रिल, बुधवार

डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं. हा झटका मोठा आहे, पण पहिला नाही, म्हणाल्या. “आधीचा एक आहे. पाच-सहा महिन्यांपूर्वीचा असावा. तेव्हाच आणलं असतंत तर बरंच काही करता आलं असतं. हृदय निम्म्यावर आलंय त्यांचं. पाय सुजत होते का? झोपताना उशा लागत होत्या? जिना चढताना थांबत होते?”

वहिनी प्रत्येकाला हो म्हणत होत्या. मीही हो म्हणू शकलो असतो, सगळ्याच्या तारखा माझ्याकडे लिहिलेल्या आहेत. अंगणातलं शूटिंग ऑक्टोबरातलं. बोटांवर मोजायचीसुद्धा गरज नव्हती.

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. माझं चरित्र लिहिणाऱ्याची चांगली सोय झालीय. असं वाटतं की कोणी दुसऱ्याच माणसाने हे सगळं डोळ्यांनी पाहून नुसतं नोंदवलं आणि वर विनोद केले.

४ एप्रिल, शनिवार

आज दादा बोलला. नळ्या असल्यामुळे आवाज चिरका, पण शब्द स्वच्छ.

“वाच काहीतरी.”

“काय वाचू?”

“लोकांचं.”

मी फोन काढला. कुठलाही वाचवेना. सोमवारी गजर वाजल्यावर असंच करणाऱ्या नवऱ्याचा वाचला. दादा डोळे मिटून हसला. मग म्हणाला, “त्या नर्सचं वाच.”

“तू पाहिलंस?”

“मी सगळे वाचतो रे खाली बसून. तुझ्या तोंडून ऐकायला वर यायचो.”

मग तुझ्याकडून का नाही एक शब्द आला, हे मी ओरडूनच विचारलं. नर्स धावत आली. ती गेल्यावर दादा म्हणाला, “काय सांगायचं? लोक हसत होते, छोट्या. चौतीस वर्षं माझ्याकडे कोणी मान वर करून बघितलं नाही. खरं सांगितलं असतं तर तू तो सीन काढून टाकला असतास.”

“काढलाच असता.”

“मग?”

“त्या दिवशी अंगणात,” मी म्हणालो, “तू उठून का नाही बसलास? हाताने खूण करायचीस, काहीही करायचंस.”

“तू कट म्हणाला नाहीस,” दादा म्हणाला. राग नव्हता त्यात. मला समजावून सांगत असल्यासारखं म्हणाला. “कट म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही, तूच सांगितलं होतंस सगळ्यांना. मला वाटलं, चांगलं येत असेल.”

त्याच्या पायावरची चादर उगीच सारखी करत बसलो.

७ एप्रिल, मंगळवार

दादा गेला. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. वहिनी जवळ होत्या. मी खाली गाडी लावत होतो.

११ एप्रिल, शनिवार

पिक्चर उतरवला. काही उपयोग नाही; तुकडा शंभर ठिकाणी आहे आणि फिरतोच आहे. वर्तमानपत्रात बातमी आल्यापासून लोक हळहळतायतही. हळहळताना काय लिहितात, तर “थप. थप. थप.” श्रद्धांजली म्हणून. एकाने थडग्यावर थाप मारणाऱ्या लांडग्याचं चित्र काढलंय, मनापासून काढलंय, रंगही छान भरलेत. मला कोणावर रागावता येत नाही. त्यांना कोणी सांगितलं होतं? ज्याला सांगितलं होतं तो मी.

‘रात्रपाळी’ने एकच ओळ लिहिली: “फार वाईट वाटलं.” तिला उत्तर लिहायला बसलो. दोन तासांत एक वाक्य जमलं नाही. जनावरांच्या डॉक्टरचं किती पटकन सुचलं होतं.

१९ एप्रिल, रविवार

दुपारी वहिनी वर आल्या. मी दार उघडलं तर आत येऊन सरळ दादाच्या खुर्चीत बसल्या. म्हणजे माझ्याच, पण आता तिला मी तेच म्हणतो.

“त्या दिवसाचं सगळं दाखवा,” म्हणाल्या. “पिक्चरमधलं नाही. सगळं.”

“वहिनी, नको.”

“मी नव्हते तिथे. मला बघायचंय.”

मी लावलं. मी स्वतः ते पूर्ण असं कधीच पाहिलं नव्हतं. पहिल्याच टेकमध्ये मला हवं ते मिळालं होतं, तेवढं उचलून बाकीचं मी फोल्डरमध्ये टाकून दिलं होतं. बाकीचं आहे हेसुद्धा विसरलो होतो.

पहिला टेक सगळ्या जगाने पाहिलाय. तो संपतो, माझा आवाज येतो, “कट!” आणि लगेच, “परत घेऊ. उजेड चाललाय.” लांडगा पडल्या पडल्या एक पंजा वर करतो, थांब म्हणून. कॅमेरावालीचा आवाज: “सर, त्यांना पाणी द्यायचं का?” माझा आवाज: “डोकं शिवलंय, पाणी कुठून देणार? चला, दुसरा.”

दुसरा. तिसरा. वहिनी मांडीवर हात ठेवून बघत होत्या. प्रत्येक टेकमध्ये त्याने थापा मारल्या आणि मान वळवून ज्या बाजूला वहिनी एरवी उभ्या असायच्या त्या बाजूला बघितलं. प्रत्येक वेळी मी कट म्हणालो आणि परत घेऊ म्हणालो. चौथ्यात थापा नाहीत. नुसता पंजा जमिनीवर ठेवलाय.

त्यानंतर मी चहाची सुट्टी जाहीर केली आणि कॅमेरा कोणी बंदच केला नाही. अकरा मिनिटं ते अंगण दिसतं. माणसं पेले घेऊन मधून जातात. कोणीतरी लांडग्याच्या शेजारी एक पेला ठेवतं, आणि त्याला पिता येणार नाही हे लक्षात आल्यावर हसून उचलून नेतं. मी दोनदा त्याला ओलांडून जातो. दुसऱ्यांदा जाताना काहीतरी कागद वाचतोय.

मी बंद करायला हात पुढे केला. वहिनी म्हणाल्या, “राहू द्या.”

शेवटी कॅमेरावाली भाजीच्या सुरीने टाके कापते. सुरी बोथट आहे, तिला वेळ लागतो. दादाचं डोकं बाहेर येतं. केस चिकटलेले, ओठांना रंग नाही. ती त्याला बसवते. तो पाणी पितो, भिंतीला टेकतो, मला शोधतो. मी चौकटीच्या बाहेर आहे. माझ्याकडे बघून तो हसतो आणि विचारतो, “जमलं का रे?”

माझा आवाज येतो. “बरं होतं.”

तो मान हलवतो, दोनदा. मग चित्र संपतं.

मी वहिनींकडे बघू शकलो नाही. त्या पडद्याकडेच बघत होत्या, तो काळा झाला होता तरी. मग उठल्या, पदर सारखा केला.

“त्या दिवशी घरी आल्यावर जेवले नाहीत,” त्या म्हणाल्या. “मला म्हणाले, भूकच मेलीय आनंदाने. छोट्याला फार आवडलं माझं काम.”